तरंगता थेंब: ७२ ट्रान्सड्यूसरच्या यंत्राच्या नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

आज दुकान बंद, म्हणून वही उघडली. करायचं काय ते आधी लिहून ठेवतो. पाण्याचा थेंब हवेत अधांतरी थांबवायचा. दोरा नाही, चुंबक नाही, खालून फुंकर नाही. नुसत्या आवाजावर, आणि तोही आपल्याला ऐकू न येणाऱ्या.

हे यंत्र माझ्या डोक्यातलं नाही. ब्रिस्टल विद्यापीठात आसिएर मार्झो, एड्रियन बार्न्स आणि ब्रूस ड्रिंकवॉटर यांनी २०१७ साली 'टायनीलेव्ह' नावाने ते मांडलं आणि बनवण्याची सगळी रीत लोकांसाठी खुली ठेवली. समोरासमोर दोन वाट्या, प्रत्येक वाटीत ३६ छोटे ट्रान्सड्यूसर (विजेचा आवाज करणारे छोटे भोंगे), सगळे ४० किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४०,००० कंपनं. वीज लागते जेमतेम १० वॅट, म्हणजे एका एलईडी बल्बाएवढी. त्याआधी असली यंत्रं म्हणजे मोठमोठे लँजेव्हिन भोंगे, उच्च दाबाची वीज आणि मायक्रोमीटरने जुळवायचं अंतर असा प्रयोगशाळेतला कारभार होता. या तिघांनी तो माझ्यासारख्या रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर आणून ठेवला. याचं मला फार अप्रूप वाटतं.

तत्त्व साधं आहे. वरून एक लाट, खालून एक लाट. दोन्ही सारख्या असल्या की मध्ये स्थिर लाट उभी राहते. तिच्यात काही जागी हवेचा दाब जोरात वरखाली होतो आणि काही जागी अजिबात होत नाही. या दुसऱ्या जागा म्हणजे निस्पंद. हलका कण या निस्पंदाकडे ढकलला जातो आणि तिथेच अडकतो. गुरुत्वाकर्षणामुळे तो निस्पंदाच्या किंचित खाली बसतो, इतकंच.

आधी छोटा नमुना करणार. गाडीच्या रिव्हर्स सेन्सरसारखं अंतर मोजणारं एचसी-एसआर०४ नावाचं मॉड्यूल मिळतं, त्याला दोन डोळे असतात. ते उपटून घ्यायचे.

९ मार्च, रविवार

एक मॉड्यूल सोडवलं. दोन्ही डोळे समोरासमोर लावले, नॅनोवरून (आर्डुइनो नॅनो, प्रोग्राम घालता येणारा छोटा बोर्ड) ४० किलोहर्ट्झ दिले, मधे विजेचा जोर वाढवणारा एल२९८एन ड्रायव्हर. सीआरओवर (विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) चौकोनी लाट स्वच्छ. थर्मोकोलचा दाणा चिमट्याने सोडला की सरळ खाली. तीन तास हेच.

१० मार्च, सोमवार

चूक कळली. मॉड्यूलच्या दोन डोळ्यांपैकी एकावर टी आणि एकावर आर लिहिलेलं असतं. टी म्हणजे बोलणारा, आर म्हणजे ऐकणारा. दिसायला जुळे, पण आर बोलण्यासाठी बनवलेला नाही. दुसरं मॉड्यूल फोडून त्यातला टी काढला. आता दोन्ही बोलणारे.

तरीही दाणा थांबेना. मग खालचा ट्रान्सड्यूसर व्हर्नियर कॅलिपरच्या जबड्यावर डबल टेपने चिकटवला आणि अंतर केसाकेसाने वाढवत नेलं. २१ मिलिमीटरच्या आसपास दाणा थरथरला आणि थांबला.

हवेत. माझ्या टेबलावर. मी किती वेळ नुसता बघत बसलो ते लिहीत नाही.

मग एकावर एक तीन दाणे लावले. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचं अंतर ८.७ मिमी. शेजारच्या दोन निस्पंदांमध्ये अर्धी तरंगलांबी असते, म्हणजे ८.७ मिमी ही पूर्ण तरंगलांबी झाली. तिला ४०,००० ने गुणलं की ३४८. सेकंदाला ३४८ मीटर, आवाजाचा वेग! थर्मोकोलचे तीन दाणे आणि एक कॅलिपर एवढ्यावर तो घरात मोजता आला. खोलीत तेव्हा साधारण २९ अंश होते आणि पुस्तकी सूत्राने उत्तर ३४९ येतं.

११ मार्च

दुपारी दोनला पुन्हा लावलं तर दाणा धरेना. रात्री जुळवलेलं अंतर तसंच होतं. बदललं होतं ते तापमान. सोलापूरची दुपार, पत्र्याची खोली, आत ३८ अंश. हवा तापली की आवाज वेगाने जातो, लाट लांबते. २० अंशांना ८.६ मिमी असणारी लाट ३८ अंशांना जवळजवळ ८.९ मिमी होते. दोनच ट्रान्सड्यूसर असले की आवाज त्यांच्या तोंडांवर आपटून परत फिरतो आणि सगळा खेळ त्या अंतरावर येतो. अंतर थोडं वाढवलं, दाणा परत बसला. वाट्यांच्या यंत्रात हा त्रास कमी असतो, कारण तिथे लाटा मध्यावर एकवटतात, अंतरात पकडून ठेवायच्या नसतात.

२३ मार्च, रविवार

सामान आलं. १० मिमी व्यासाचे ट्रान्सड्यूसर ८० (लागणार ७२, आठ जास्तीचे). नॅनो आणि ड्रायव्हर पुण्याहून तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणले, तिथे वस्तू हातात घेऊन बघता येते. वाट्यांचा सांगाडा एका ओळखीच्या मुलाकडे थ्रीडी प्रिंटिंगला दिला आहे.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारली, जेवण झालं आणि बसलो ते रात्री अकरापर्यंत. या सगळ्या कामात कुणाला एकच गोष्ट सांगायची झाली तर ती आजची असेल.

प्रत्येक ट्रान्सड्यूसरला दोन पाय असतात आणि एका पायाजवळ धन बाजूची खूण असते. सगळ्यांचे धन पाय एका तारेला, ऋण पाय दुसऱ्या तारेला. एखादा उलटा लागला की इतर सगळे हवा पुढे ढकलतात त्या क्षणी हा मागे खेचतो. तो नुसता वाया जात नाही, दुसऱ्या एका चांगल्याचं कामही पुसून टाकतो.

खुणेवर विश्वास ठेवायचा नाही, असं जाणकार सांगतात. म्हणून तपासणीची सोय केली. एक ट्रान्सड्यूसर लाकडी ठोकळ्यात पक्का बसवला, त्याला ४० किलोहर्ट्झ दिले. त्याच्यासमोर ठरलेल्या अंतरावर दोन भोकांचा सॉकेट. तपासायचा ट्रान्सड्यूसर त्यात खोचला की तो ऐकतो आणि सीआरओच्या दुसऱ्या चॅनेलवर त्याची लाट दिसते. पहिला खोचला, लाट कशी दिसते ते काचेवर मार्करने रेघ ओढून ठेवलं. मग एकेक करत सगळे. लाट रेघेवर बसली तर सुलटा, बरोबर उलटी दिसली तर उलटा. धन पायाच्या बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका.

८० पैकी ११ जणांची खूण उलटी निघाली. शिवाय दोघांची लाट इतकी बुटकी की ते बाजूला काढले. ज्या दुकानाकडून मागवले त्यांना कळवलं, उत्तर आलं नाही. राग आला होता, पण तपासण्याची सवय लागली हे बरं झालं.

खुणेवर विसंबून जोडलं असतं तर काय झालं असतं याचा हिशेब केला. साताला एक उलटा, म्हणजे ३६ च्या वाटीत साधारण पाच. ३१ पुढे, पाच मागे, उरले २६ चं बळ. ३६ च्या जागी २६ म्हणजे ७२ टक्के दाब. दोन्ही वाट्यांत तसंच झालं तर उचलण्याचं बळ दोघींच्या गुणाकाराने जातं, ०.७२ गुणिले ०.७२, जवळपास निम्मं. थर्मोकोल कदाचित उचलला गेला असता. पाणी कधीच नाही. आणि मी महिनाभर ड्रायव्हरला नाहीतर प्रोग्रामला दोष देत बसलो असतो.

६ एप्रिल, रविवार

सांगाडा घेऊन आलो. वाटेत बाजारात थांबलो, स्कूटरची डिकी उन्हात, आत पीएलए प्लॅस्टिकच्या दोन वाट्या. घरी येऊन बघतो तर एका वाटीची कड पिळवटलेली. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतं, हे मला माहीत होतं. उन्हातल्या बंद डिकीत तेवढे होऊ शकतात, हे लक्षात घेतलं नाही.

पिळवटलेली वाटी चालणार नाही. वाटीचा आकार शोभेसाठी नसतो. तिच्यावरचा प्रत्येक ट्रान्सड्यूसर मध्याच्या बिंदूपासून सारख्याच अंतरावर हवा, म्हणजे सगळ्यांचा आवाज तिथे एकाच क्षणी पोचतो. लाटच मुळी ८.७ मिमीची, त्यात एक मिमीचा फरक म्हणजे ४० अंशांपेक्षा जास्त कलाफरक (पूर्ण लाट ३६० अंशांची धरली तर). एक वाटी परत छापायला दिली. आणायला संध्याकाळी सातनंतर जाईन.

१३ ते १७ एप्रिल

जोडणीचा आठवडा. दुकान बंद करून रोज रात्री दोन-अडीच तास.

वाटीत तीन कडी असतात, आतलं सहाचं, मधलं बाराचं, बाहेरचं अठराचं. प्रत्येक ट्रान्सड्यूसर खोबणीत बसवताना लाल ठिपका आतल्या बाजूला. मागून थोडा गरम गोंद. मग प्रत्येक कड्याच्या आतल्या पायांवरून एक उघडी तार फिरवली, बाहेरच्या पायांवरून दुसरी, आणि सोल्डरचे डाग देत गेलो.

इथे घाई चालत नाही. ट्रान्सड्यूसरच्या आत पायझो चकती (वीज दिली की कंप पावणारी) असते आणि पाय तापून उष्णता आत गेली तर तिचा जोर कमी होतो. एका पायावर दोन-तीन सेकंदांच्या वर सोल्डरिंगचं लोखंड ठेवायचं नाही. एक पाय इथे, पुढचा समोरच्या बाजूला, म्हणजे मधल्या वेळात पहिला निवतो. ७२ ट्रान्सड्यूसर, १४४ डाग. माझ्या वडिलांचा हात यंत्रमागावर असाच चालायचा. तुटलेला धागा गाठ मारून पुढे, परत मागे बघायची गरज नाही अशी गाठ. मला तो हात मिळाला असावा असं या आठवड्यात वाटलं.

प्रत्येक कडं झालं की मीटरने दोन्ही तारांत शॉर्ट नाही ना ते बघितलं. एका वाटीची धारकता (वीज साठवण्याची क्षमता) मोजली तर ०.०८ मायक्रोफॅरडच्या आसपास आली. एका ट्रान्सड्यूसरची दोन नॅनोफॅरडच्या वर असते, ३६ पट केलं की जुळतं. एखादा सुटा राहिला असता तर इथे कळलं असतं असं वाटलं होतं.

२० एप्रिल, रविवार

वीज दिली. ९ व्होल्ट, अर्धा अँपिअर ओढतंय, म्हणजे जिवंत आहे. वाट्यांच्या मधे थर्मोकोलचा दाणा नेला. काहीच नाही. १२ व्होल्टपर्यंत नेलं. दाणा मध्यावरून घरंगळावा तसा खाली.

चहा घेतला. मग तपासणीतला ऐकणारा ट्रान्सड्यूसर एका सळईच्या टोकाला बांधला आणि एकेका वाटीच्या मध्यबिंदूवर धरला, दुसरी वाटी बंद ठेवून. खालची वाटी: उंच, सुंदर लाट. वरची वाटी: सपाट. बिंदूपासून थोडं बाजूला सरकवलं की लाट दिसते, मध्यावर आणलं की गायब.

मध्यावरच गायब, बाजूला आहे, हे वाक्य दोनदा मोठ्याने म्हटलं तेव्हा उलगडा झाला. वरच्या वाटीत बाहेरच्या कड्याच्या दोन तारा ड्रायव्हरला जोडताना उलट्या लागल्या होत्या. बाहेरच्या कड्यात १८, आतली दोन कडी मिळून ६ अधिक १२, तेही १८. अठरा ढकलतायत, अठरा खेचतायत, आणि सगळे मध्यापासून सारख्याच अंतरावर. बरोबर शून्य! दिंडीत निम्म्या टाळकऱ्यांनी सम पकडली आणि निम्म्यांनी खालीवर टाळ मारला तर ठेका उरतच नाही, तसं. धारकता मोजून हे कळणं शक्यच नव्हतं, कारण धारकतेला उलटसुलट माहीत नसतं.

दोन तारा बदलल्या. सहा व्होल्टवर दाणा धरला. पण थरथरतोय, आणि दोन मिनिटांनी बाजूला उडाला. रात्र झाली, इथे थांबतो.

२७ एप्रिल, रविवार

थरथर कशामुळे?

पहिला संशय पंख्यावर. बंद केला. थरथर कमी झाली, गेली नाही. (एप्रिलच्या सोलापुरात पंखा बंद करून काम करणं ही या प्रकल्पाची खरी किंमत आहे, खर्चाच्या हिशेबात ती येत नाही.) दुसरा संशय यंत्रमागांवर. आमच्या गल्लीत चार कारखाने, खटखट जमिनीतून टेबलात येते. चौघडी घातलेली चादर यंत्राखाली घातली. आणखी थोडी कमी झाली.

पंखा बंद, माग जेवणाच्या सुट्टीला थांबलेले, आणि त्या शांततेत मला शिट्टी ऐकू आली. बारीक, एकसुरी, यंत्रातून येणारी. ४० किलोहर्ट्झ माणसाला ऐकू येत नाही. आपली मर्यादा २० किलोहर्ट्झ, माझ्या वयाला तर त्याच्या बरीच खाली. मग हे काय वाजतंय?

मोबाइलवर वारंवारता मोजली. ९७७ हर्ट्झ.

हा आकडा कागदावर मांडला आणि उत्तर मिळालं. नॅनोचं घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं. त्याचा एक टायमर मिलिसेकंद मोजण्यासाठी आपोआप चालू असतो, घड्याळाला ६४ ने भागून २५६ पर्यंत मोजतो. १,६०,००,००० भागिले ६४ भागिले २५६ म्हणजे ९७६.५६. सेकंदाला इतक्या वेळा नॅनो माझं काम सोडून काही मायक्रोसेकंद आपलं घड्याळ पुढे सरकवायला जातो. माझी लाट अख्खी २५ मायक्रोसेकंदांची, त्यात एवढा अडखळ म्हणजे चालत्या मागाला धक्का. दर अडखळीला आवाजाचा जोर किंचित तुटतो, आणि ते तुटणं मला शिट्टी म्हणून ऐकू येत होतं.

प्रोग्रामच्या सुरुवातीलाच सगळे इंटरप्ट, म्हणजे नॅनोला असं मधेच काम सोडायला लावणारे इशारे, बंद केले. शिट्टी गेली. दाणा भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा थांबला.

त्याच बैठकीत वरखाली करण्याची सोयही बसवली. एक लाट म्हणजे नॅनोच्या घड्याळाचे ४०० ठोके. त्याचे वीस भाग केले, प्रत्येकी २० ठोक्यांचे. बटण दाबलं की वरच्या वाटीची लाट खालचीपेक्षा एक भाग मागे पडते. पूर्ण वीस भाग फिरले की निस्पंद अर्ध्या तरंगलांबीने, म्हणजे साधारण ४.४ मिमी सरकतो. एका दाबाला ०.२२ मिमी. बटण धरून ठेवलं की दाणा लिफ्टसारखा सावकाश वर जातो.

१ मे, गुरुवार

दुकानाला सुट्टी. आज पाणी.

आधी चढत्या क्रमाने. थर्मोकोल सहा व्होल्टवर. मग राजगिऱ्याची लाही, ती सात व्होल्टच्या आत बसली. दोन मिमीची पांढरी लाही हवेत स्वतःभोवती फिरत राहिली, इतकी देखणी की तिचा व्हिडिओ घेतला. मग खसखस. मग मोहरी, ती मात्र ओढ घेते, तिला दहाच्या वर जावं लागलं. हे दाणे मधे ठेवायची युक्ती लिहून ठेवतो. चिमटा नेला की तो आवाज अडवतो आणि निस्पंद मोडतो. चहाची तारेची गाळणी वापरायची. तिच्या जाळीतून आवाज जातो, दाणा तिच्यावर ठेवून मधे न्यायचा आणि गाळणी हळूच खाली घ्यायची. दाणा वर राहतो.

पाण्यासाठी इन्सुलिनची बारीक सुई. १०० युनिटच्या सिरिंजचं एक युनिट म्हणजे १० मायक्रोलिटर, त्याचा गोळा २.७ मिमीचा होतो. लाटेच्या निम्म्यापेक्षा, म्हणजे ४.४ मिमीपेक्षा, हा बराच आत आहे. पाणी तोलायला मध्यावर १५५ डेसिबलच्या वर दाब लागतो असं माझ्या गणिताने येतं. थर्मोकोलला १४० च्या आसपास पुरतात. कानाला ऐकू येत नाही म्हणून हे सौम्य समजायचं नाही. चालू असताना कान वाट्यांच्या मधे नेऊ नये.

पहिले चार थेंब सुईलाच चिकटून राहिले. पाचवा सुटला पण खाली पडला. व्होल्टेज ११ वर नेलं, सहावा सुटला आणि क्षणात चपटा होऊन फुटला, तुषार वाटीवर उडाले. जोर फार झाला की आवाज थेंबाला वरून खालून दाबतो. पृष्ठताण हरला की थेंब संपला. ट्रान्सड्यूसर कोरडे केले, दहा मिनिटं थांबलो. मग सोडताना ११, आणि थेंब सुटताच लगेच १० च्या खाली, असं दोन्ही हातांनी केलं. नववा थेंब.

थांबला.

पूर्ण गोल नाही, अख्ख्या मसुरासारखा मधे फुगीर आणि कडेला निमुळता. खिडकी त्याच्यात उलटी दिसत होती. आत काहीतरी फिरत होतं, म्हणून पुढच्या थेंबात किंचित शाई घातली आणि ते फिरणं स्पष्ट दिसलं. वीस मिनिटांत थेंब वाळत वाळत मोहरीएवढा झाला, मग व्होल्टेज कमी करत नेलं, तरी शेवटपर्यंत सोडला नाही.

हा नुसता खेळ नाही हे इथे नोंदवतो. भांड्याला न लागता थेंब वाळवता येतो हीच त्याची किंमत आहे. भांड्याच्या कडेवरून स्फटिक धरायला सुरुवात होते. भांडंच नसेल तर औषधाचा थेंब स्फटिक न होता घट्ट होऊ शकतो, आणि तसं औषध पाण्यात लवकर विरघळतं. अमेरिकेच्या आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१२ मध्ये यासाठीच असं यंत्र वापरलं, ते मुळात नासासाठी बनवलेलं होतं. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत तरंगत्या थेंबांच्या वाळण्यावर काम झालं आहे. माझ्या टेबलावरचा थेंब त्याच जातीचा आहे.

४ मे, रविवार

भाची आली आहे, नववीतून दहावीत गेली. आल्या आल्या टेबलाशी.

"मामा, मुंगी ठेवून बघू या की."

ठेवता येते. चीनमध्ये शिआनच्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये मुंग्या, चित्रांगी किडे (लेडीबग), मत्स्यपिल्लंसुद्धा तरंगवली होती. पण मी नाही म्हटलं. १५० डेसिबलमध्ये जिवंत जीव टाकायला माझं मन घेत नाही, आणि त्यातून आम्हाला नवीन कळणारही काही नाही. तिने वाद घातला नाही, राजगिरा मागितला.

मग पुढचा प्रश्न. "माणूस उचलता येईल का, मामा? खरं सांगा."

कागद घेतला. वस्तू साधारण अर्ध्या लाटेच्या आत मावली पाहिजे. दीड मीटरची मुलगी मावायला तीन मीटरची लाट हवी. ३४३ भागिले तीन, ११४ हर्ट्झ. तिला विचारलं, हा आवाज कसा असेल? कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झला गुणगुणतो, त्याच्या जवळचा. आता तो पाणी उचलण्याइतका मोठा कर. मी उचलली जाण्याआधी माझे कान जातील, असं ती स्वतःच म्हणाली. पण अर्ध्या लाटेची मर्यादा दगडावरची रेघ नाही हेही तिला सांगितलं. ब्रिस्टलच्या त्याच गटाने २०१८ मध्ये आवाजाचे भोवरे वेगाने आलटून पालटून फिरवले आणि ४० किलोहर्ट्झवरच दोन सेंटिमीटरचा थर्मोकोलचा गोळा धरून दाखवला.

तिने एक गोष्ट माझ्याआधी पाहिली. यंत्र चालू केलं की शेजारची मांजर खिडकीतून उठून जाते, बंद केलं की परत येते. तिने पाच वेळा करून वहीत लिहिलं, पाचही वेळा. मांजराला ४० किलोहर्ट्झच्या कितीतरी वरचं ऐकू येतं, कुत्र्यालाही ४५ पर्यंत. आमच्यासाठी मुकं असलेलं यंत्र तिच्यासाठी किंचाळत असणार. आता चालू करण्याआधी खिडकी लावून घ्यायची आणि मांजर बाहेर आहे ना ते बघायचं, हा नियम भाचीने यंत्राच्या पाटावर लिहून चिकटवला आहे.

११ मे

जुन्या फिश टँकची काच उलटी घालून पेटी केली. आता पंखा चालू ठेवता येतो. ड्रायव्हरचा आयसी अर्ध्या तासात हात लावू देत नाही इतका तापतो. त्याच्या माहितीपत्रकात ४० किलोहर्ट्झ ही कमाल मर्यादाच दिली आहे, म्हणजे आपण त्याला काठावर पळवतोय. मोठा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) आणि जुन्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा बसवला, पेटीच्या बाहेर. नॅनो आणि ड्रायव्हरचं लॉजिक (हुकूम घेणारा भाग) मोबाइल चार्जरवर वेगळं केलं, नाहीतर मुख्य व्होल्टेज कमी करताना नॅनो मधेच बंद पडायचा. दोन्हींचा ग्राउंड एकत्र, हे विसरू नये.

८ जून, रविवार

काल रात्री पाऊस झाला. हवा ओली, खोलीत २७ अंश, पत्र्यावरून अजून टपटप चालू आहे.

१६ तारखेला शाळा उघडतील. मी ज्या शाळेत शिकलो तिच्या प्रयोगशाळेला हे यंत्र देणार आहे, बाईंशी बोलणं झालं. सोबत जास्तीचे सहा चांगले ट्रान्सड्यूसर, तपासणीचा ठोकळा, गाळणी आणि या वहीची झेरॉक्स. ठोकळ्यावर लिहिलं आहे: खुणेवर जाऊ नका, सीआरओवर बघा.

द्यायच्या आधी एकदा शेवटचं लावलं. १० मायक्रोलिटर, ९.६ व्होल्ट, पहिल्याच प्रयत्नात सुटला. एक मेला जो थेंब वीस मिनिटांत मोहरीएवढा झाला होता, तेवढाच थेंब आज पाऊण तासानंतरही मसुराएवढा आहे. ओल्या हवेत वाळत नाही. भाची फोनवर विचारतेय, अजून आहे का? आहे.